सम्राटची साक्ष

"कुत्र्याला शपथ कशी द्यायची, बाईसाहेब? आणि उलटतपासणीत भुंकला, तर ते लिहून कसं घ्यायचं?" शिंप्याच्या वकिलानं विचारलं, तसा कोर्टात हशा पिकला.

रेकॉर्ड कारकून मात्र हसला नाही. चार महिन्यांपूर्वी हरवलेला त्याचा कुत्रा दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याकडे सापडला होता आणि शिंपी म्हणत होता, पिल्लू असल्यापासून माझाच. कुत्रा कुणाचा, ते आज ठरणार होतं. आपला विजय बघायला कारकुनानं ऑफिसातल्या सहा जणांना अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली होती. सहाही जण पहिल्या बाकावर ऐसपैस बसले होते.

"साक्ष घेत नाही मी त्याची," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तो दाव्यातली वस्तू आहे. वस्तू तपासायला हरकत नाही. ही वस्तू चालते, तर कुठे चालत जाते ते बघू. मारा हाका."

कारकुनानं घसा साफ केला. "सम्राट!" कुत्र्याच्या परवान्यावर हेच नाव होतं, त्यानंच निवडलेलं. सम्राट पंख्याकडे बघत राहिला. "सम्राट, कम हियर!" सम्राटनं जांभई दिली. शिंपी "गोट्या" म्हणाला, तेव्हा शेपटी दोनदा तरी हलली.

कारकुनानं घाईघाईनं आपल्या बायकोला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

"तुम्ही घरी याला काय म्हणून हाक मारता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मी हाक मारतच नाही त्याला."

"मग तो येतो कसा?"

ती अवघडून नवऱ्याकडे वळली. "अहो, हे इथे सांगायलाच हवं का?"

शिंप्याच्या हातातली साखळी सुटली. कुत्रा बाकांखालून थेट पिंजऱ्यात शिरला आणि तिच्या पायाशी बसून वर बघू लागला, बोला, काय काम काढलंत?

"योगायोग!" वकील ओरडला. "'अहो' काय, कुठलीही बाई म्हणते. माझ्या अशिलाच्या बायकोला म्हणू द्या."

शिंपीणबाई लाजत म्हणाल्या, "अहो..."

शिंपी ताडकन उभा राहिला. "काय गं? पाणी हवंय?"

कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"बाई, आता नीट सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "शपथ घेतलीय तुम्ही."

"मी ह्यांनाच हाक मारते हो. शिडी धरायला, गॅसची टाकी ओढायला, कधी पाठ धरली की उठवायला. हे पेपरामागून 'हं' म्हणतात. हा येतो."

"येऊन करतो काय?"

"काही नाही. नुसता उभा राहतो. पण येतो."

पहिल्या बाकावरचं हसू विरलं. सहापैकी चौघं आपापल्या बुटांकडे बघू लागले. उरलेल्या दोघांची लग्नं व्हायची होती.

वकील कारकुनाकडे वळला. "तुम्हीच सांगा. बायकोनं हाक मारली तर तुम्ही उठत नाही, हे खरं?"

'उठतो' म्हणावं, तर अब्रू राहते आणि कुत्रा शिंप्याच्या घरी जातो. 'नाही' म्हणावं, तर कुत्रा मिळतो आणि उद्या ऑफिसात जायचं असतं. कारकून पुटपुटला.

"मोठ्यानं," टंकलेखिका म्हणाली.

"नाही उठत."

"किती वर्षं?" हा प्रश्न वकिलाचा नव्हता. न्यायाधीशबाईंचा होता.

"एकवीस."

टंकलेखिकेनं तेही टाइप केलं. असले कागद किती वर्षं जपून ठेवतात, हे त्या खोलीत रेकॉर्ड कारकुनाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाच मिनिटांत निकाल लागला. कुत्रा ज्यांच्या हाकेला येतो, त्यांच्या ताब्यात द्यावा. सही बायकोची घेतली.

अभिनंदन न करताच सहा जण मागच्या दारानं निघून गेले. कारकून मान खाली घालून तरातरा फाटकापर्यंत गेला. तिथं मागे वळून पाहतो तर बायको पायरीवर बसलेली, चपलेचा पट्टा तुटलेला, एका हातात साखळी, दुसऱ्या हातात कागद.

तो धावत परत आला. "अगं, मला हाक नाही का मारायची?"

"मारणारच होते," कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली. "पण हा इथेच उभा होता ना."