ओठ जुळले पाहिजेत

इथे परदेशात, अल्बनीत आमच्या शेजारच्या घरातला टीव्ही मुका होता. म्हणजे आवाज होता त्याला, पण कुमुदताई तो बंद करत. लायब्ररीतून परदेशी सिनेमाची डीव्हीडी आणायची, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळींवर काळी चिकटपट्टी लावायची आणि सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतः मराठीत करायचं. "वाचायचंच असेल तर पेपर आहे की! सिनेमा कशाला?"

शनिवारी दुपारी मी आणि माझी बायको प्रेक्षक. तिथे फ्रेंच प्रियकर "अगं ए, ऐकतेस का?" म्हणे आणि जपानी सेनापती "थांब मेल्या!" करून तलवार उपसे. पुढे मला बढती मिळाली. कुत्रे, घोडे आणि दारावरची टकटक माझ्याकडे आली. एकदा मी जरासा उशिरा भुंकलो. बाईंनी सिनेमा थांबवला. "भावोजी, ओठ जुळले पाहिजेत! कुत्र्याचेसुद्धा!"

सिनेमातल्या एका खुनाच्या वेळी तर किंकाळी ऐकून पलीकडचा गोरा शेजारी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत धावत आला. "ऑल गुड?" त्याला पोहे देऊन बसवलं. पुढचे दोन खून त्यानं आवडीनं बघितले.

घरात माणसं दोनच, कुमुदताई आणि त्यांची लेक इरा. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. सेनापती सुरू झाला की आतून ओरडायची, "मम! सो एम्बॅरसिंग!" आणि धाडकन दार.

पण मधेच एखादा हिवाळा असा यायचा, की त्या घराचे पडदे उघडतच नसत. कुमुदताई अंथरुणातून उठत नसत. इरा आईच्या उशाशी गोळी आणि पाणी ठेवायची, स्वतःचा डबा भरायची आणि बस पकडायची. आम्ही विचारलं की म्हणायची, "शीज गुड, थँक्स."

ती इरा आता शिकायला देशाच्या पार दक्षिण टोकाला, डनीडिनला निघाली होती. सोमवारचं विमान. "जाऊ दे की! मला हॉलभर नाचता येईल," असं कुमुदताई भेटेल त्याला सांगत होत्या, जरा जास्तच मोठ्यानं.

त्या शनिवारी इटालियन सिनेमा लागला. त्यात एक आई आणि तिची मुलगी. आई आज सगळ्या गल्लीला जेवायला बोलावणार, उद्या खोलीला कडी लावून बसणार. कुमुदताईंनी ती अशी झोकात वठवली, की आम्ही पोट धरून हसत होतो. मग मुलगी बॅग घेऊन दारात आली. आई पलंगावर.

"निघालीस?" कुमुदताई आईच्या आवाजात म्हणाल्या.

मुलीचे ओठ हलले. आवाज आला नाही. अख्खं जपानी सैन्य एकटीनं बोलणाऱ्या बाईंना त्या पोरीचं एक वाक्य म्हणवेना.

"आई... तू गोळी घे हं. रोज." मागून अडखळत मराठी आलं. इरा उभी होती, हातात अर्धवट घडी केलेला स्वेटर. "मी फोन करते. विचारते."

कुमुदताईंनी मागे वळून पाहिलं नाही. पलंगावरच्या आईच्याच आवाजात विचारलं, "रोज?"

"रोज. आणि तू जेव पण."

पडद्यावरची मुलगी हात उडवत, डोळे वटारत तावातावानं भांडत होती. ओठ कुठेच जुळत नव्हते.

कुमुदताईंनी सिनेमा थांबवला नाही.