राजकन्या मंजुळाबाई यांनी निरोप नेणे सोडिले ती हकीकत

ज्याने जीवमात्रास न मागता श्वास दिला त्यास आधी दंडवत. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी, डोंगरांतील एका राज्यात, ज्याचे नाव लिहावयास लाज वाटते, हैबतराव राजे आणि सगुणाबाई राणीसाहेब यांचे बहुत बिनसले. कारण इतकेच की राणीसाहेबांचे बंधूस किल्लेदारी द्यावी की न द्यावी. त्यावरून राजे बालेकिल्ल्यावर राहिले आणि राणीसाहेब माचीवरील महालात उतरल्या आणि बोलणे तुटले, आणि मग मधे सापडली कन्या मंजुळाबाई, वय वर्षे पंधरा. राजियांनी म्हणावे, "मंजुळे, तुझे आईस सांग, आम्हांस तिचे तोंड पाहणे नाही." राणीसाहेबांनी म्हणावे, "तुझे आबासाहेबांस सांग, आम्हांसही हौस नाही." ऐसे विखारी शब्द तोंडात धरून पोरीने पायऱ्या चढाव्या आणि उतराव्या. शत्रूचे वकिलासही कोणी ऐसे राबवीत नाही! पोरीची झोप उडाली आणि दाराशी पाऊल वाजले की हातपाय गार पडू लागले. तेव्हा तरी उभयतांनी भांडण आटोपावे, ते नाही! उलट याच एका गोष्टीवर त्यांचे एकमत जाहले की पोरीचे मनच कच्चे, कोणी साधू आणून ते स्थिर करवावे.

मग केवळगीर गोसावी आणविले. ते तळ्याचे काठी मंजुळाबाईस म्हणाले, "बाई, मनाशी झुंजू नका, नुसते पाहा. श्वास आला, श्वास गेला. पोटात गोळा उठला तर म्हणा, गोळा उठला. आणि पाहा, यात आपले किती आणि दुसऱ्याने हाती दिलेले किती."

"आणि रडू आले तर?"

"तर रडावे. तेही पाहावे."

आरंभी बाई नुसत्याच रडल्या. पुढे एके सकाळी त्यांस उमगले की भय आपले आहे खरे, पण भांडण आपले नव्हे.

मग दसऱ्याचा दरबार भरला, आणि रिवाज म्हणून उभयता आली, आणि भर दरबारी जुंपली. राजे गरजले, "मंजुळे, कसूर कोणाचा, तूच सांग!" राणीसाहेब म्हणाल्या, "सांग, भिऊ नको!" आणि मिशांस पीळ देणारे सारे सरदार आपापल्या पायांकडे पाहत राहिले! बाईंचे काळीज धडधडले. ते धडधडते हे त्यांनी जाणिले, तळव्यांखालची गार फरशी जाणिली, आणि श्वास घेऊन बोलल्या, "आबासाहेब, आईसाहेब, आपण दोघेही माझे. मी साक्ष देणार नाही. आजपासून निरोपही नेणार नाही. जे बोलणे ते एकमेकांशी बोलावे. मला भूक लागली आहे, मी जेवावयास जाते."

राजे गोसावियांवर उसळले, "आम्ही पोर गप्प करावयास सांगितली, तुम्ही बोलती केली!"

गोसावी म्हणाले, "महाराज, रोग आपणांस आणि औषध लेकीस, ऐसे आपणच योजिले." त्याच दिवशी त्यांस राज्याबाहेर घालविले. बाईंस बहुत संताप आला, आणि त्या संतापासही घेऊन त्या तळ्याकाठी बसल्या.

पुढे निरोप्या न उरल्यामुळे उभयतांस समोरासमोर येणे पडले. भांडण मिटले नाही, पण लेकीच्या अंगावरून जाणे थांबले. बाईंस भय अधूनमधून येई, तरी त्या निजू लागल्या.

सारांश, पंधरा वर्षांच्या पोरीने आपले मन सांभाळिले आणि दोघा थोरांस आपली जीभ सांभाळवली नाही. पोर सावरली म्हणून त्यांस माफी आहे, ऐसे कोणी समजू नये.