गंधक शिंगटे

आमच्या दूध संघात 'फॅट' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. आता दूध संघात फॅट म्हणायचं नाही, म्हणजे गिरणीत पीठ म्हणायचं नाही. पण नेकनूरच्या पुढं आमचं जे शीतकरण केंद्र होतं, तिथं दूध तपासायला शिंगटेसाहेब बसत. एखादा नवा माणूस खिडकीतून सहज म्हणाला, "सायब, फॅट किती लागली?" की आतून आवाज यायचा, "कोणती फॅट बे?"

तो गोंधळायचा. "दुधातली."

"मग दुधातली म्हण की! फॅट काय एकच असती का? लोणी येगळं. मेंदूत नसांवर असती ती येगळी. तिच्यावर गंधक चिकटवलेला असतो, गंधक! तो आपून होऊन चिकटतो का बे? कोण चिकटवतं?"

तो माणूस किटली उचलून मागच्या मागं सरकायचा. रांग हसायची. असं होता होता साहेबांचं नावच गंधक पडलं. दूध तपासायलाही गंधकाचं तेजाबच लागतं, आणि माणूस काडी लावायच्या आधीच पेटणारा. नाव दोन्हीकडून शोभलं.

शिंगटे मूळचे युसूफ वडगावकडचे. औरंगाबादला जीवरसायनशास्त्र शिकलेले. तिथं ते खाटकाकडून बोकडांचे मेंदू आणायचे, वाटायचे आणि त्यातलं एक एन्झाइम शोधत बसायचे. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार, असं ते सांगत. वायरीला असतं तसं नसेला चरबीचं वेष्टन असतं. त्या चरबीवर गंधकाचा तुकडा बसवायचं काम हा कामगार करतो. मेंदूत करतो, मूत्रपिंडातही करतो. मी संघातला कारकून. मला एवढं पाठ झालं ते फक्त माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं म्हणून. पुढं वडील गेले, घरचं बघायला कुणी उरलं नाही, म्हणून शिंगटे परत आले. संशोधन तिकडंच राहिलं. लग्नाचं विचारलं की म्हणत, "माझ्यासंगं भांडायला ताकद लागती. कुठून आणायची तशी पोरगी?"

त्या साली पाऊस झालाच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं. शिंगट्यांचा संताप तेवढा दुथडी भरून वाहत होता. सर्वसाधारण सभेत चेअरमन म्हणाले, निसर्गापुढं कुणाचा इलाज नाही. गंधक उठला. "मग टँकर तुमच्या मोसंबीत आपून होऊन शिरतो का? कोण शिरवतं?" चेअरमननी पहिला ठराव वाचायच्या आधीच आभारप्रदर्शन उरकून घेतलं.

अशातच सोजरबाईची नात पडायला लागली. सोजरबाई वस्तीवरून एका म्हशीचं दूध घेऊन यायच्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, मंदा आजीजवळ. आदल्या वर्षी ही पोरगी आजीच्या पुढं पळत खिडकीशी यायची. आता चवड्यावर चालायची, चालता चालता कोसळायची, आणि बोलणंही अडखळायला लागलं होतं.

"बाहेरचं हाय म्हणत्यात," सोजरबाई म्हणाल्या.

शिंगटे हातातली नळी ठेवून बाहेर आले. "बाहेरचं कावून आसंल? आतलं हाय, आतलं!"

गावात बोभाटा झाला, गंधक म्हातारीवरही पेटला. पण दुसऱ्या दिवशी तेच तिला आणि पोरीला घेऊन बीडला गेले. तिथल्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. शिंगट्यांनी बाटली त्याच्याच टेबलावर आपटली. "पोरगी पळत होती. गेलेलं पळणं बाटलीतून येतं का?" मग रजा काढली आणि मुंबईचा मोठा दवाखाना गाठला. सोबतीला मीही गेलतो.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. पुन्हा बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आजाराचं लांबलचक नाव घेतलं आणि त्या समजावून सांगायला लागल्या. शिंगटे मधेच उठून बाहेर गेले. मी पाहिलं, ते व्हरांड्यातल्या पाण्याच्या कूलरवर ओरडत होते. कूलर बंद होता एवढाच त्याचा गुन्हा.

सोजरबाई मागून आल्या. "काय म्हणल्या बाई?"

शिंगटे त्यांच्यापुढं उकिडवे बसले. "मावशी, अंगात एक जण गंधक लावतो, दुसरा काढतो. मंदाच्या अंगात काढणारा धड न्हाई. लावणारा थांबत न्हाई. साचत चाललंय, त्यानं नसा खराब व्हायल्यात. औषध न्हाई ह्याला."

"लावणारा म्हंजी तुमी खिडकीत सांगताव तोच का?"

"तोच."

"मंग तुमच्या वळखीचा हाय की. सांगा त्याला. म्हणावं, जरा थांब."

परतीच्या प्रवासात बीडपर्यंत शिंगटे कुणाशी भांडले नाहीत. कंडक्टरशीसुद्धा.

मंदा अंथरुणाला खिळली. पातळ दूध प्यायला लागली की तिला ठसका लागायचा, म्हणून शिंगटे रोज संध्याकाळी जाऊन दुधात रवा शिजवून चमच्यानं भरवायचे. आवाजानं पोरगी सगळं अंग ताठ करून दचकायची. त्यावर त्यांनी तोड काढली. वस्तीच्या अलीकडं एक बाभळ होती. तिच्याखाली उभं राहून ते चेअरमनला, टँकरवाल्याला, सरकारला, देवाला मोठमोठ्यानं शिव्या घालायचे. सगळं ओकून झालं की रुमालानं तोंड पुसायचे आणि घरात शिरायचे.

एकदा केंद्रावर काही अडलं म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो. पोरीचे पाय मांडीवर घेऊन ते तेल चोळत होते आणि पुटपुटत होते, "थांब रे बाबा. बास कर आता. दमली ती."

मला वाटलं, पोरीशीच बोलतायत. पण पोरीला ते 'बाळा' म्हणायचे.

मी तसाच मागं फिरलो.

संक्रांत झाली आणि मंदा गेली. आईबाप उसाच्या फडातून आले, माती दिली आणि परत गेले. टोळी थांबणार नव्हती. शिंगट्यांनी मात्र वस्तीवर जायचं सोडलं नाही. सोजरबाईंकडं जेवायला बसायचे. पुढं एका संध्याकाळी मलाही घेऊन गेले. पहिला घास तोंडात घातला आणि असे भडकले, की कोपऱ्यातली कोंबडी उडाली.

"हे पिठलं हाय का मिठाचा खडा? किती येळा सांगायचं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "साहेब, जरा हळू."

सोजरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

"वरडू द्या त्यांला," त्या म्हणाल्या. "आता घरात दचकायला हाय कोण?"