आप्पांचा अमेरिकन किडा

लोहाऱ्यात कुणी आजारी पडलं तर मल्लाप्पा चौकशी करतील असं नाही. अमेरिकेतल्या एका किड्याची खुशाली मात्र अख्ख्या गावाला त्यांच्याकडूनच कळते. "औंदा तिकडं थंडी लई. अळ्या सालीखाली दबून हायत," असं भुसार दुकानाच्या गादीवरून ते अशा चेहऱ्यानं सांगतात, की गिऱ्हाईक दुखवट्याला आल्यासारखं गप्प बसतं.

आप्पांची लेक गंगा तिकडं पाइनच्या जंगलात, झाडाची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा अभ्यास करते. किडा तिळाएवढा. "जगात त्याला वळखणारी मान्सं बोटावर मोजन्याइतकी. त्यात आमची गंगा. अन् थोडा मी!"

एकदा काशीबाई तणतणत आल्या. "आप्पा, तुमच्या डाळीत किडं हायत की वो!"

"ते आपले साधे, अक्का. बसा. सालीतल्याचं सांगतो."

माझं कापडाचं दुकान शेजारीच. मी धावत जाऊन अक्कांना स्टूल दिलं. असला खेळ कोण सोडतो?

आप्पांनी परातीतल्या रव्यात बोटानं नक्षी काढली. "ही मधली वाट आईची. पोरं हितनं निघत्यात अन् आपापली वाट कोरत लांब लांब जात्यात."

"मग माघारी येत न्हाइत?"

आप्पांनी रवा सारखा केला. "डाळ बदलून देतो," म्हणाले.

या उन्हाळ्यात त्यांच्या परसातल्या आंब्याच्या खोडाला बारीक भोकं पडली, भुसा गळू लागला. मी औषध घेऊन गेलो, तर आप्पा खोडाला पाठ लावून उभे!

"हात लावू नगा!"

"आप्पा, झाड वाळंल. तुमच्या हातचं हाय."

"गंगाला तब्येत इचारली की 'बरी हाय' म्हनती अन् फोन ठेवती. किड्याचं इचारलं की तासभर बोलती. म्हून तर शिकलो सगळं." त्यांनी भोकावरून हलकेच बोट फिरवलं. "काल ह्याचा फोटो धाडला. म्हनली, फोटोत वळखू येईना. औषध मारू नका, दिवाळीला येऊन बघते."

किती वर्षांनी, हे मी विचारलं नाही. बाटली पिशवीत ठेवली. वरची एक फांदी वाळत चालली होती. आप्पाही तिकडंच बघत होते.

"दिवाळीपस्तोर टिकंल न्हवं?"

"टिकंल की. जुना आंबा हाय."

"आंबा न्हवं वो," आप्पा म्हणाले. "किडा."