खिडकीजवळचं टेबल आणि सव्वीस जोडपत्रं

माझं नशीब कितव्या मजल्यावर राहतं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, तळघरात. आमच्या कचेरीच्या जुन्या फायली जिथे टाकतात, त्या खोलीत मी अकरा वर्षं बसतोय. तिथे एक ट्यूबलाइट आहे, ती स्वतःच्या मर्जीने लागते. खिडकी नाही. बाहेर पाऊस पडतोय की नाही, हे मला खाली येणाऱ्यांच्या चपला बघून कळतं.

म्हणून साहेबांनी जेव्हा जाहीर केलं की, "सार्वजनिक व्यवस्थापनाच्या परिषदेत ज्याचा संशोधन प्रस्ताव स्वीकारला जाईल, त्याला दुसऱ्या मजल्यावर प्रशिक्षण विभागात घेऊ," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर परिषद आली नाही, संशोधन तर नाहीच नाही. त्या विभागातलं खिडकीजवळचं रिकामं टेबल आलं. मी ठरवलं, प्रस्ताव पाठवायचा. (एवढंच ठरवलं हो! माणसाने आयुष्यात काही ठरवूच नये.)

प्रस्ताव तीनशे शब्दांचा हवा होता. मी 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरुवात केली आणि मुद्द्यावर येईपर्यंत दोनशे ऐंशी शब्द खर्ची पडले. मुद्दा तरी कुठे होता म्हणा! संशोधन करायला एखादी संस्था जवळून पाहिलेली हवी. कचेरीबद्दल खरं लिहावं, तर तळघराच्या खाली आणखी एक तळघर खणतील. डोकं चालेना म्हणून पाणी प्यायला उठलो, आणि विषय फ्रिजच्या दारावर चिकटलेला दिसला.

आमची ही तोंडाने भांडत नाही. ती चिठ्ठी लिहिते आणि फ्रिजवर लावते. 'दूध उतू गेलं. गॅसजवळ कोण उभं होतं, हे मला माहीत आहे.' 'ओला टॉवेल पलंगावर सापडला. कुणाचा, हे मला माहीत आहे.' या चिठ्ठ्या मी फेकत नाही. तारीखवार फाईल करतो. (अकरा वर्षं जुन्या कागदांत बसलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करू नका.)

मी झपाट्याने लिहायला लागलो. 'सदर संस्थेत दोन सदस्य असून सर्व अधिकार एकीकडे व सर्व चुका दुसरीकडे आहेत. तक्रार निवारणाची सोय नाही. तक्रार केल्यास चहा बंद होतो.'

"काय लिहिताय एवढं?" हिने विचारलं.

"संशोधन प्रस्ताव."

"कशावर?"

"व्यवस्थापनावर."

"तुम्ही?" ती म्हणाली. "आधी माळा आवरा."

(हेही वाक्य मी घातलं.)

परिषदेचा नियम कडक होता. लेखकाचं नाव परीक्षकाला कळता कामा नये आणि परीक्षकाचं लेखकाला. मी माझं नाव काढलं, हिचं काढलं, गावाचं काढलं, माळासुद्धा काढून 'वरील भांडारगृह' केलं. पण सवय हो, मेली सवय! सोबत जोडपत्रं नाहीत असा कागद मी जन्मात पुढे पाठवला नाही. सगळ्या सव्वीस चिठ्ठ्या स्कॅन केल्या, प्रत्येकीवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला आणि प्रस्तावाला जोडून दिल्या. त्या दिवशी मी चक्क शीळ घालत घरी आलो.

दीड महिन्याने एका रविवारी सकाळी हिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ही थोरली परगावी कॉलेजात लोकप्रशासन शिकवते, हे मला माहीत होतं. ती आणखी काय काय करते, हे मात्र माहीत नव्हतं.

"हो... हो... सव्वीस?" ही फोनवर म्हणाली, आणि मी हातातला पेपर तोंडासमोर धरला.

फोन ठेवून ती समोर बसली. "ताईकडे एक प्रस्ताव तपासायला आला होता."

"बरं."

"काल निकाल लागला, म्हणून तिने आज सांगितलं. लेखकाचं नाव नव्हतं."

"नसतंच. नियम आहे तसा."

"अक्षर माझं होतं."

धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण ती तरी कशाला घेतेय! आधीच तळघरात बसणारा माणूस मी.

"अगं, मला फक्त ती खिडकी हवी होती," मी म्हणालो, आणि माझा आवाज लहान मुलासारखा आला. "अकरा वर्षं झाली. दुपार कशी दिसते, हे मी विसरलोय."

ती उठली, माझी फाईल आणली आणि चौदावी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. 'रोज उदास होऊन घरी येता. का, ते मला माहीत नाही.'

"याचं उत्तर?" तिने विचारलं.

मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाहिले. दप्तरी दाखल.'

दुसऱ्या दिवशी कचेरीत पत्र आलं. 'प्रस्ताव स्वीकृत. लेखकाचे विवेचन सुमार आहे. जोडपत्रे मात्र असामान्य! थोडक्या शब्दांत जबाबदारी निश्चित करण्याचा असा नमुना आढळत नाही. सादरीकरण जोडपत्रांच्या लेखिकेनेच करावे.' हा शेरा थोरलीचा नव्हताच. चिठ्ठ्या हिच्या आहेत म्हटल्यावर तिने प्रस्ताव परत केला होता आणि तो दुसऱ्याच परीक्षकाकडे गेला होता. म्हणजे परक्या माणसालाही मी सुमारच वाटलो!

परिषदेत ही वीस मिनिटं बोलली. साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी मागे तिची पर्स धरून उभा होतो.

"साहेब, माझं टेबल?" मी जेवणाच्या सुट्टीत गाठून विचारलं.

"तुमचं कसं? प्रस्ताव कुणामुळे स्वीकारला गेला?" साहेब म्हणाले. "बाईंना मी मार्गदर्शक म्हणून बोलावलंय. दर शनिवारी येतील. त्यांना ती खिडकीजवळची जागा देतोय."

पहिल्या शनिवारी अकरा वाजता शिपाई जिना उतरून आला. त्याच्या चपला कोरड्या होत्या. त्याने माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. अक्षर बघूनच मी उभा राहिलो.

'प्रशिक्षणाची मागच्या वर्षीची फाईल तासाभरात वर पाठवा. कुणी हरवली, हे मला माहीत आहे. ता. क. : बाहेर छान ऊन पडलंय. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून कळवलं.'