न हलणाऱ्या काट्याची बखर

समस्त जिने चढणारांस, आणि लिफ्टची वाट पाहत उभे राहणारांस, लेखकाचा रामराम. विशेष. सोफेबहाद्दर यांणी लोखंडी घोड्यावर बसून मेदाचे मुलखात जी मोहीम केली, तिची हकीकत लोक हवी तशी सांगतात. कोणी म्हणतो पोट गेले, कोणी म्हणतो अक्कल गेली, आणि दोन्ही खोटे. सबब खरे काय जाहले ते लिहून ठेवणे प्राप्त झाले. आम्ही कोणाची भीड धरणार नाही.

सोफेबहाद्दर म्हणजे सोफे आणि गाद्या भरून देणारे कारागीर. दुकान रस्त्यालगत, पुढे लाकडी सांगाडे, मागे फोमचे थर, खिडकीशी शिवणयंत्र, आणि कापड बेतण्यास खुद्द त्यांची बायको, जिला या बखरीत सरकार म्हटले आहे, कारण दुकानी आणि घरी हुकूम तिचाच चाले. बहाद्दरांचा देह विशाल. तिघांचे सोफ्यास पुरणारा मापाचा पट्टा त्यांचे कमरेस पुरत नाही असे शेजारी म्हणत. ही निंदा आहे, पट्टा पुरून वर थोडा उरत असे.

त्यांचा गनीम न्हाणीघराचे दाराशी राहे. काचेचा, चपटा, लाल आकडे दाखविणारा वजनकाटा. त्याजवर बहाद्दरांनी कैक स्वाऱ्या केल्या. सूप पिण्याची स्वारी केली, ती तिसरे प्रहरी बिस्किटांत बुडाली. मग दोरीवरच्या उड्यांची स्वारी केली, तीत खालच्या मजल्यावरील दिवा छतासकट निखळला, आणि काटा जैसा होता तैसा राहिला.

तो दिवा बहाद्दरांचे थोरले बहिणीचा, म्हणजे ताईसाहेबांचा. बांधा भावासारखाच. यकृतात चरबी साठलेली, साखर वाढलेली, डॉक्टरांनी चाला म्हणून बजावलेले. आणि ताईसाहेब चालल्याही होत्या. एक आखा हिवाळा कानटोपी घालून बागेस फेऱ्या घातल्या आणि हिवाळा सरता काट्यावर चढून पाहिले, तों आकडा तोच. मग त्या भावाने भरून दिलेल्या सोफ्यावर जाऊन बसल्या, त्या बसल्याच. भाजी बसून निवडीत, फोन बसून घेत, आणि सोफ्यास मध्ये खळगा पडला. भावाने फार गळ घातली तेव्हा त्यांनी फर्मान काढले, "आधी तुझा काटा हलवून दाखव. मग मी हलते." ताईसाहेबांचे पायांस सूज येऊ लागली होती आणि बहाद्दरांस रात्रंदिवस तीच धास्ती लागून राहिली. ताई अशीच बसून राहिली तर एक दिवस उठणारच नाही, हे भय त्यांणी कोणास बोलून दाखविले नाही, आम्ही दाखवितो.

अशात इस्पितळाचे भिंतीवर जाहिरात झळकली की, व्यायाम न करणारी जाड माणसे पाहिजेत, सायकल चालवावयाची आहे. बहाद्दरांस आनंद जाहला. आयुष्यात प्रथमच कोणी जाड माणूस मागत होता! तात्काळ कूच करून तळघरातील दालनात दाखल जाहले. तेथे संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजाविले, परंतु बहाद्दरांचे चित्त सुईकडे लागले होते, सबब मान डोलावीत गेले. मग बेंबीशेजारी कातडी बधिर करून जाड सुईने मेदाची चिमूट काढून घेतली. ते समयी बहाद्दरांनी जी आरोळी ठोकली ती बखरीत लिहिण्याजोगी नाही.

चिमूट कुपीत गेली आणि मग खरा वज्राघात जाहला. बाईंनी पुन्हा बजाविले की, सायकल नेमाने चालवावयाची, मात्र वजन घटू द्यावयाचे नाही. घटले तर मोहिमेतून नाव कमी. कारण त्यांस हेच पाहणे होते की, वजन तेवढेच ठेविले आणि नुसता व्यायाम केला, तर खुद्द चरबीत काय फरक पडतो. बहाद्दर मटकन खुर्चीत बसले. काटा हलवण्यास आले, आणि काटा हलू न देण्याची चाकरी गळ्यात पडली! उठून जावे तर पोटची चिमूट आधीच देऊन चुकलेले, ती परत कोणत्या तोंडाने मागावी? या एका संकोचापायी बहाद्दर राहिले, आणि घरी या अटीविषयी लाजेने चकार शब्द काढला नाही.

मग मोहीम सुरू झाली. लोखंडी घोडा भिंतीकडे तोंड करून उभा, ना टापा ना धूळ. स्वार खोगिरावर न मावणारा. पंखा घरघरे, घाम हनुवटीवरून ठिबके, आणि बहाद्दर समोरच्या चुन्याचे पोपड्यावर नजर रोखून पायडल मारीत. प्रथम दम लागून डोळ्यांपुढे काजवे चमकत, मग हळूहळू दम पुरू लागला, आणि पुढे तर ते पायडल मारतां मारतां शीळ घालू लागले.

परंतु घरी भलतीच मसलत शिजत होती. नवरा व्यायाम करतो हे पाहून सरकारांचा ऊर भरून आला, आणि त्यांणी हातभार लावावा म्हणून गुपचूप रसद तोडली. पावावरचे लोणी गेले, बिस्किटांचा डबा लपला, ताटात उकडलेली फरसबी आली. काटा घसरू लागला. तिकडे डॉक्टरीणबाईंनी दटाविले, "दादा, वजन उतरतंय. नीट खा, नाहीतर घरी बसा." त्रिभुवनात कोणा जाड माणसास डॉक्टराने असे दटाविले नसेल. बहाद्दर घाबरून दुकानामागे चोरून लोणीपाव खाऊ लागले, आणि सरकारांचे पाऊल वाजतांच हातातला तुकडा जवळच्या उशीत कोंबू लागले.

व्हावयाचे तेच जाहले. असा एक तुकडा उशीतच शिवला गेला, उशी सोफ्यासह गिऱ्हाइकाकडे गेली, आणि तेथे मुंग्यांची फौज उतरली. गिऱ्हाईक सोफा टेम्पोत घालून दुकानी हजर. सरकारांनी कात्रीने शिवण उसवली, तुकडा चिमटीत धरून वर उचलला, आणि नवऱ्याकडे पाहिले. बहाद्दरांनी जागच्या जागी सर्व कबूल केले.

सरकार म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर मी दोन्ही बाजूंनी लोणी लावलं असतं ना!" आणि त्या दिवसापासून रसद पूर्ववत झाली.

ही वार्ता खाली गेली तों ताईसाहेब हसून हसून आडव्या जाहल्या. "घाम गाळायचा आणि जाडच राहायचं? अरे, ही नोकरी मी घाम न गाळता करतेय की!" बहाद्दरांचे तोंड उतरले. बहिणीस उठविण्याची मोहीम, आणि तिला बसून राहावयास नवे कारण आपणच पुरविले. त्या दिवशी घोड्यावर बसले खरे, पण शीळ काही वाजली नाही.

मुदत सरली. पुन्हा सुई, पुन्हा आरोळी. निकालाचे दिवशी थट्टा करावयास म्हणून ताईसाहेब, सरकारांस संगे घेऊन, दस्तुरखुद्द इस्पितळी चालून आल्या. म्हणजे टॅक्सीने, आणि पुढे लिफ्टने. बहाद्दर काट्यावर उभे राहिले. आकडा जो पहिले दिवशी होता तोच. "बघ!" ताईसाहेब म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रे लाविली, एक पहिल्या चिमटीचे, एक दुसरीचे. पहिल्यात रक्ताच्या बारीक नळ्या विरळ आणि चरबीच्या पेशींभोवती ताठर धाग्यांचे जाळे. दुसऱ्यात नळ्या दाट आणि जाळे सैल. बाईंनी सांगितले की, चरबी काही शत्रू नव्हे, ती कोठार आहे. कोठार ताठर झाले, त्यास रक्त पुरेनासे झाले, की जादा माल आत न मावता यकृतात जाऊन पडतो. दादांचे कोठार व्यायामाने सुधारले, आता माल जागचे जागी राहण्यास बरे. वजन तेच, चरबी तेवढीच, परंतु तिची तब्येत पालटली.

बहाद्दर एकदम बोलले, "म्हणजे जुन्या गादीतला कापूस! गच्च होऊन गाठी धरतो. पिंजला की वजन तेवढंच, पण गादी नवी." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच नाही, पण चालेल."

ताईसाहेब हसल्या नाहीत. पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि मग हळूच विचारले, "डॉक्टर, मी एक हिवाळाभर चालले होते. काटा हलला नाही म्हणून सोडलं. तेव्हा माझ्याही आत असं काही झालं असेल का हो?"

"तुमचा नमुना तेव्हा घेतला नव्हता, त्यामुळे छातीठोक नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "पण काटा हलला नाही म्हणून काहीच झालं नाही, असं नसतं."

"मला वाटलं, सगळं फुकट गेलं," ताईसाहेब म्हणाल्या, आणि कानटोपी घालून केलेल्या त्या सर्व फेऱ्या त्यांचे डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. बहाद्दरांनी तोंड फिरवून नाक पुसले. आम्हांसही वाईट वाटले, बखर लिहीत असलो म्हणून काय जाहले?

परतताना टॅक्सीत सरकारांनी आणलेले लोणीपाव तिघांनी वाटून खाल्ले आणि आपापले मजल्यावर गेले. दुसरे दिवशी सकाळी बहाद्दर ताईस पाहावयास खाली उतरले, तों दाराला कुलूप. खिडकीतून आत डोकावले. सोफा रिकामा, मध्ये खळगा, आणि कानटोपी अडकविण्याचा खिळाही रिकामा.

बहाद्दर लिफ्टची वाट न पाहता जिन्याने धावत सुटले आणि बागेच्या फाटकाशी थबकले. पलीकडे ताईसाहेब सावकाश, दम खात, चालत होत्या. त्यांणी भावास पाहिले आणि ओरडून विचारले, "उभा काय राहिलास? ये की!"

येणेंप्रमाणे फत्ते जाहली, ती साक्षीनिशी येथे नमूद केली असे. काटा हलला नाही. ताईसाहेब हलल्या.