सेवाज्येष्ठतेनुसार उडी

परवानगी खात्यातील कर्मचाऱ्यांमध्ये धाडसाची तीव्र टंचाई आहे, ही गोष्ट संचालकांच्या लक्षात आली ती एका परिसंवादाहून परतल्यावर. परिसंवाद थंड हवेच्या ठिकाणी होता. सही करायला घाबरणाऱ्या माणसाला एकदा उंचावरून खाली सोडले की त्याची भीती कायमची जाते, असे तिथल्या एका वक्त्याने जेवणापूर्वी सांगितले होते आणि संचालकांना ते जेवणानंतरही आठवत होते. आल्या आल्या त्यांनी परिपत्रक काढले. खात्यातील सर्वांनी दरीवरच्या पुलावरून बंजी उडी घ्यावी. उडी पूर्णपणे ऐच्छिक राहील. जे स्वेच्छेने उडी घेणार नाहीत, त्यांची तळघरातील अभिलेख कक्षात बदली करण्यात येईल.

उड्या सेवाज्येष्ठतेनुसार घ्यायच्या होत्या. कनिष्ठाने वरिष्ठाच्या आधी उडी घेतल्यास तो शिस्तभंग समजला जाणार होता. समारोपाची उडी खुद्द संचालक घेणार होते. म्हणजे सर्वांत वरिष्ठ माणूस सर्वांत शेवटी. पण समारोप हा ज्येष्ठतेत मोडत नाही, असा खुलासा सोबत जोडलेला होता.

संचालकांखालोखाल ज्येष्ठ होते प्रभारी अधीक्षक, ज्यांना सगळे खाते बघूसाहेब म्हणत असे. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाला हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. अर्ज घेऊन आलेल्याला ते बसायला सांगत, कागद शेवटपर्यंत वाचत, चष्मा पुसत आणि म्हणत, "बघू." माणूस तसा चांगला होता. वाईट असता तर त्याने निदान नाही तरी म्हटले असते. अधीक्षकपदावर त्यांना कायम करावे की नाही, याच्या फाइलवरही वरती कोणीतरी बघूच म्हणत असावे, कारण नावामागचा 'प्रभारी' काही हलत नव्हता. आता मात्र सगळे उडीवर येऊन ठेपले होते. मारली तर कायम, नाही तर तळघर.

बायकोला तळघराचे फारसे काही वाटत नव्हते. तिचे दुखणे वेगळे होते. तिच्याशी लग्न करायलासुद्धा बघूसाहेबांच्या वतीने त्यांच्या थोरल्या बहिणीने हो म्हटले होते, आणि ते उसने हो ती इतकी वर्षे सांभाळत आली होती. उडीच्या दिवशी सकाळी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करता करता ती म्हणाली, "अहो, जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणून या. तळघरात बसवतील, बसवू देत. पण बघू म्हणून परत येऊ नका."

बघूसाहेबांना ते लागले. या खेपेला काय ते एक सांगून यायचे, असे त्यांनी मनाशी अगदी पक्के केले.

पुलाच्या मधोमध एक लोखंडी प्लॅटफॉर्म बाहेर काढलेला होता. उड्या मारून घेणाऱ्या माणसाला सगळे दोरवाला म्हणत. तो कमी बोलणारा आणि नियमाने वागणारा होता. त्याने बघूसाहेबांच्या घोट्यांना पट्टे आवळले, कमरेला आणि छातीला हार्नेस बांधला आणि समजावले, की इथे कोणी कोणाला ढकलत नाही. हो म्हणालात तर उडी. नाही म्हणालात तर पट्टे सोडतो, खाली चहा घ्या. एवढे सांगून त्याने विचारले, "साहेब, तयार?"

बघूसाहेबांनी खाली पाहिले. खाली दरी होती, दरीत नदी होती आणि नदीत, उडी मारलेल्यांना उतरवून घेणारी रबरी होडी होती. वरून ती साबणाच्या वडीएवढी दिसत होती. त्यांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि तोंड सवयीने उघडले.

"बघू," ते म्हणाले.

दोरवाल्याने आपली नियमपुस्तिका काढून चाळली. हो होते, नाही होते. बघूला तरतूद नव्हती. तेव्हा त्यांना ना पुढे सोडता येत होते, ना मागे घेता येत होते.

मागे रांगेत मात्र एकदम चैतन्य पसरले. दुसऱ्या क्रमांकावर असलेले उपअधीक्षक सकाळपासून पांढरेफटक पडले होते. त्यांच्या गालांवर रंग परतला. आपण तर डोळे मिटून मारली असती, पण ज्येष्ठतेपुढे इलाज नाही, असे ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळूच म्हणाले. रोखपालांनी, एकाच माणसाला दोन उड्या मारता येतात का, याची चौकशी केली. जो तो बाह्या सरसावून होता आणि बघूसाहेबांच्या भित्रेपणाला नावे ठेवत होता. खात्यात एवढे धाडस एकाच वेळी कधी दिसले नव्हते.

संध्याकाळी संचालकांनी निर्णय दिला की, उडी फेटाळली गेलेली नसून ती प्रलंबित आहे, आणि प्रलंबित प्रकरण निकाली निघेपर्यंत कोणालाही कार्यस्थळ सोडता येणार नाही. कार्यालय सुटण्याच्या वेळेला अर्थातच सोडता येईल. त्याप्रमाणे बघूसाहेबांचे पट्टे सोडले गेले, ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय भरायच्या वेळेला त्यांना पुन्हा टोकावर नेऊन बांधण्यात आले.

कार्यस्थळ तिकडे म्हटल्यावर खातेही तिकडे गेले. आधी फाइली आल्या, मग फाइलींवर ठेवायला दगड आले, मग टेबले आली. पुलाच्या एका बाजूने रहदारी बंद करून आवक-जावक विभाग बसवला गेला. परवानग्या मागणारे लोक काही दिवस जुन्या इमारतीत हेलपाटे घालून शेवटी पुलावर येऊ लागले. सहीची फाइल दोरवाला टोकापर्यंत नेऊन देई. बघूसाहेब ती वाऱ्यात दोन्ही हातांनी धरून वाचत, बघू म्हणत आणि परत देत. दरीच्या काठावर बघ्यांची गर्दी होऊ लागली. गर्दी "मारा, मारा" म्हणून ओरडे आणि फोनवर चित्रीकरण करी. वर्तमानपत्रात 'कड्यावरचा कर्तव्यनिष्ठ' म्हणून छायाचित्र छापून आले. इतर खात्यांची अभ्यास मंडळे येऊन बघून गेली आणि अभिनव उपक्रमाबद्दल संचालकांचा सत्कार झाला.

बायको सत्काराला गेली नाही. संध्याकाळी ती नवऱ्याच्या घोट्यांवरचे वळ पाही, तेलाची वाटी पुढे सरकवी आणि आत निघून जाई. बोलली असती तर परवडले असते. बघूसाहेबांना त्या वाटीची दरीपेक्षा जास्त धास्ती वाटू लागली.

एक दिवस फाइलीच्या मागोमाग एक म्हातारी बाईही दोरवाल्याचा डोळा चुकवून टोकाजवळ आली. तिला स्वतःच्या घराच्या स्वतःच्या भिंतीला खिडकी पाडायची होती. खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. अर्ज जुना होऊन पिवळा पडला होता. बघूसाहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला, आणि ते बोलणार तेवढ्यात बाईने हात वर केला.

"साहेब, नाही म्हणा," ती म्हणाली. "नाही म्हटलंत तर मी घरी जाईन, अंधारात बसेन, सवय होईल. पण तुम्ही बघू म्हणता ना, म्हणून मला रोज उठून यावं लागतं."

आपण कोणाचे वाईट केले नाही, एवढा एकच ठेवा बघूसाहेबांनी नोकरीत जमवला होता. तो तिने तीन वाक्यांत काढून घेतला. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पेन मागवले आणि अर्जावर 'मंजूर' लिहून खाली सही केली. सही झाल्यावर त्यांनी वर पाहिले. आभाळ कोसळले नव्हते. बाई कागद पदराखाली घालून निघालीसुद्धा होती. तिला थांबायचे काही कारण उरले नव्हते.

बघूसाहेब दोरवाल्याकडे वळले आणि म्हणाले, "हो."

दोरवाल्याने पुन्हा विचारले. ते पुन्हा हो म्हणाले, आणि या वेळी ते रांगेपर्यंत ऐकू गेले.

रांगेतून उपअधीक्षक लगबगीने पुढे आले. इतके दिवस बघूसाहेबांना भित्रे म्हणणारा हा माणूस आता त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, घाई कशाला? आज वारा आहे. वहिनींना विचारलंत का?" रोखपालांना पट्टे जुने दिसू लागले. खालून संचालकांनी कर्णा घेऊन घोषणा केली की, नुसते टोकावर उभे राहण्यातही मोठे धाडस आहे आणि प्रसंगी त्यावरही कायम करता येईल. समारोप एवढा जवळ आलेला त्यांनी कधी कल्पिला नव्हता.

बघूसाहेबांनी हात सोडवून घेतला, चष्मा काढून दोरवाल्याकडे दिला, दोन्ही हात पसरले आणि उडी मारली.

ती कशी होती, हे त्यांना नंतर नीट सांगता आले नाही. आधी काळजाचे पाणी झाले, मग दोर ताणला गेला, नदी जवळ येऊन परत लांब गेली आणि उलटे लोंबकळत असताना आपण मोठमोठ्याने हसतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. काठावरच्या सगळ्या गर्दीने ते पाहिले आणि चित्रित केले. होडीवाल्याने त्यांना उतरवून घेतले तरी ते हसतच होते.

घरी बायकोने दार उघडले. केस विस्कटलेले, चष्मा नाही, चेहरा लाल. तिने विचारले, "कोणी ढकललं?"

"नाही. मी मारली."

ती दारातच खाली बसली आणि रडली. तिला फार आनंद झाला होता. त्या संध्याकाळी वाटी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी खात्यात अपघाताची नोंद झाली. प्रभारी अधीक्षक कर्तव्यावर असताना तोल जाऊन दरीत पडले, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. यात कोणाचा आकस नव्हता. उडी ठरली असती तर प्रकरण निकाली निघाले असते आणि पुढचा क्रमांक उपअधीक्षकांचा आला असता. अपघात ठरला तर सुरक्षेच्या कारणास्तव उपक्रमच स्थगित होत होता. चौकशी समितीचे अध्यक्ष संचालक होते, कारण त्यांना प्रकरणाची पूर्ण माहिती होती. सदस्य उपअधीक्षक होते, कारण ते घटनास्थळाच्या सर्वांत जवळ होते. दोरवाल्याने साक्ष दिली की, आपण स्वतःच्या कानांनी हो ऐकले. पडणारा माणूस ओहोहो करतो, त्यातला तो हो असू शकेल का, असे समितीने विचारले. वारा होता, एवढे दोरवाल्याला कबूल करावे लागले. बायकोची साक्ष नात्यामुळे बाद झाली.

बघूसाहेब समितीसमोर उभे राहून म्हणाले, "मी उडी मारली. मी हो म्हटलं होतं."

इतका स्पष्ट बोलणारा माणूस बघूसाहेब असणे शक्य नाही, तेव्हा त्यांच्या डोक्याला मार बसला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्यांना विश्रांतीसाठी तळघरात नेमण्यात आले. तोल जाण्याच्या काही क्षण आधी केलेली सही तोल गेलेल्या अवस्थेतच केलेली मानावी लागते, म्हणून म्हातारीची मंजुरी रद्द झाली. तोवर तिने खिडकी पाडली होती आणि खोलीत ऊन आले होते. ती विटांनी बुजवावी, अशी नोटीस तिला गेली.

समिती मात्र न्यायी होती. ती उडीच होती असे कोणाला वाटत असेल तर त्याने पुढे यावे, असे तिने जाहीर केले. नोटीस मागे घेऊ, अधीक्षकांना कायम करू. चित्रीकरण पुरावा म्हणून चालणार नव्हते, कारण त्यात पडणारा आणि उडी मारणारा सारखेच दिसतात. साक्षीदाराने स्वतः टोकावर उभे राहून स्वेच्छेने उडी मारता येते, एवढे मारून दाखवायचे. बघूसाहेब आनंदाने तयार झाले, पण अपघातग्रस्ताला टोकावर प्रवेश नाही.

काठावर त्या दिवशी तुम्हीही होतात. "मारा, मारा" यात तुमचा आवाज चांगला खणखणीत होता आणि चित्रीकरणही तुम्ही घरी सगळ्यांना दाखवले आहे. साक्षीची मुदत अजून संपलेली नाही. म्हातारीच्या दारात विटा येऊन पडल्या आहेत, गवंडी तेवढा यायचा आहे. दोरवाला पुलावर बसून आहे. त्याला तुमचे नाव नको, हुद्दा नको. दोर माणसाच्या वजनाप्रमाणे निवडावा लागतो, म्हणून त्याने एवढेच विचारले आहे, की तुमचे वजन किती?